सुरावर उचललेला हात

५ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं — ओळ पुढे जाता जाता खाली घसरते. घसरू दे. वाचणार कोण आहे!

श्रावणात लकवा मारला तेव्हापासून उजवा हात म्हणजे खांद्याला टांगलेली पिशवी. पाय सावरला, वाचा सावरली, हात नाही. आज हर्षानं त्याला पट्टे बांधले. हर्षा म्हणजे व्यायाम करून घेणारी पोरगी. चंद्रपूरच्या एका संस्थेकडून दर बुधवारी नागभीडला येते, पुढे स्कूटीनं खेडी करते. एक पट्टा मनगटाला, एक दंडाला. घड्याळासारखे, पण काटे नाहीत, आकडे नाहीत, नुसता एक हिरवा ठिपका. सोबत वाटीएवढा स्पीकर.

"काकाजी, हात हलला की हे गाते," म्हणाली.

मला हसू आलं. हात हलत नाही म्हणून तर तू येतेस बाई! पण तिनं कोपराला आधार दिला, जरासं उचललं, आणि त्या वाटीतून सूर निघाला. बासरीसारखा, पण फुंकर नसलेला. हात थांबला, सूर थांबला.

नंतर बसून नीट समजावलं तिनं. हात कुठं आहे ते माझ्या डोक्याला कळत नाही, म्हणून कानाला सांगायचं. वाट बरोबर असली की सूर भरतो, चुकली की तुटतो. आणि हे यंत्र शिकतही जातं म्हणे. घालणाऱ्याचा हात ज्या दिवशी सगळ्यात उंच, सगळ्यात जोरानं गेला, ती हालचाल ते उत्तम म्हणून धरून ठेवतं. मग रोज सुरांनी गोंजारत त्याला तिकडे नेतं.

मी म्हटलं, मला उंच नको. ताटापासून तोंडापर्यंत पुरे.

६ नोव्हेंबर

मनातलं इथं तरी लिहावं. मला माझ्या हातानं जेवायचं आहे. बाकी काही नाही.

दिव्यानी भरवते. सून गुणाची, एक दिवस कपाळाला आठी नाही. पण घास ओठाशी आला की मी डोळे मिटतो. तिला वाटतं चव घेतोय.

प्रफुल बल्लारपूरला पेपर मिलमध्ये, शनिवारच्या गाडीनं येतो. तो म्हणतो, "बाबा, डाव्या हातात चमचा घ्या ना. काय बिघडते?" डाव्यानं लिहीन. डाव्यानं जेवणार नाही. शितांना डावा हात लावला की आई पळीनं मारायची. ती पळी अजून मनगटावर बसते.

९ नोव्हेंबर

दुपारभर एकटाच. पट्टे बांधून बसलो आणि आमची शाळा आठवली. कौलांची, मागं मोहाचं झाड. गुरुजी कविता वाचून दाखवत नसत — गात. पट्टीनं टेबलावर ठेका, आणि आम्ही चाळीस पोरं एका चालीत. अर्थ विचारला की म्हणायचे, "आधी चाल बसू दे रे. अर्थ मागाहून येतो, बैलगाडीनं." अर्ध्या कवितांचे अर्थ मला नोकरीत लागल्यावर कळले. छोट्या लाइनचा, म्हणजे नॅरोगेजचा, पाइंटमन होतो मी, नागभीड जंक्शनवर. लिव्हर ओढायचा, गाडी वळायची, आणि एकटाच रुळांच्या मध्ये उभा राहून कविता म्हणायचो. गाडी गेल्यावर जी शांतता येते ना, तिच्यात फार छान लागायच्या.

आता छोटी लाइनही नाही. उखडली.

सांगायचं ते राहिलं. आज सूर ऐकताना तेच झालं. हाताचा विचार सोडला, नुसती चाल धरली. आणि हात उचलला गेला! मांडीवरून वर. कुणी आधार दिला नव्हता.

१० नोव्हेंबर

परत उचलला.

१२ नोव्हेंबर

हर्षानं मोबाइलवर हालचालीच्या रेघा पाहिल्या. पाहतच राहिली. "काकाजी, आठ दिवसात खांदा इतका येत नसते. तुमचा पहिलेच आला." दिव्यानीला बोलावून दाखवलं. दिव्यानीनं देवापुढं साखर ठेवली. मी मोठ्या माणसासारखा गप्प बसलो, पण आतून पोरासारखा नाचत होतो.

१६ नोव्हेंबर

या चालीबद्दल लिहून ठेवतो. माझ्या ऐकण्यातली नाही. शाळेतली नाही, दंडारीच्या नाचगाण्यातली नाही, भजनातली नाही. खालून निघते. हळूच, जड. मग चढते. चढता चढता सूर बारीक होतो, अगदी वर गेला की थरथरतो — तिथं बोटं फाकली की तो लख्ख होतो! मी बोटं फाकवायला शिकलो ते केवळ त्या एका सुरासाठी. पण तो टिकत नाही. धपकन खाली. आणि श्वास घ्यायच्या आत पुन्हा खालून सुरू.

कवितेत कडवं संपलं की थांबतात. ही थांबत नाही.

१८ नोव्हेंबर

आज मुद्दाम तोंडाकडे नेऊन पाहिला. कोपर वाकवला, मनगट आत घेतलं. सूर तुटला. फुटक्या पाव्यासारखा. पुन्हा केलं, पुन्हा तुटला. हट्टानं करत राहिलो तर वाटी अगदीच गप्प झाली. रुसल्यासारखी.

हात वर नेला. लगेच गोड!

नवल वाटतं. जन्मभर हा हात लिव्हर खाली ओढत आला. त्याला काही आठवायचंच असेल तर खाली ओढणं आठवावं. वर कशाला जातो? वर काय आहे — छपराचे फाटे आणि कवेलू!

२१ नोव्हेंबर

दिव्यानी आज धान पाखडत होती. सूप खाली ठेवून आत आली.

"मामाजी, हे गानं बंद करा ना थोडा वेळ."

का, विचारलं.  म्हणाली, कोणीतरी हाका मारून राह्यलं आणि आपल्याले आयकू येऊन नाई राह्यलं, असं वाटते. मग माझ्याकडं निरखून पाहिलं.

"आन तुमी श्वास काऊन रोखता?"

मी? मी कुठं रोखतो! पण तिनं समोर बसून दाखवलं. हात चढायला लागला की माझे ओठ घट्ट मिटतात, गाल फुगतात. वर जाऊन खाली येईपर्यंत तसेच. मला ठाऊकच नव्हतं.

तिला म्हटलं, अगं, जोर लावताना माणूस श्वास धरतोच. लिव्हर ओढतानाही धरायचो.

खरं तर नाही धरायचो. लिव्हर ओढताना कविता म्हणायचो.

२६ नोव्हेंबर

आज उलगडा झाला.

हर्षाला सगळं सांगितलं — तोंडाकडं नेला की रुसतं, वर नेला की लाड करतं, आणि चाल अशी की जणू आधीच ठरलेली. ती म्हणाली, असं होत नाही, यंत्र तुमच्याच हातावरून शिकते. मोबाइलमध्ये खोल खोल शिरली. मग तिचा चेहरा पडला.

पट्ट्यांत आधीच्या माणसाचं नाव अजून आहे. सुकलू. आमच्या पूर्वेला बोडीच्या, लहान तळ्याच्या, काठचं गाव आहे, तिथला ढीवर. त्याचंही उजवं अंग गेलेलं, त्यालाही हर्षाच शिकवायची. माझ्यासाठी पट्टे आणण्याआधी तिनं त्याचं सगळं पुसायला लावलं होतं. पण त्या दिवशी नेटवर्क नव्हतं, पुसलंच गेलं नाही. म्हणजे इतके दिवस यंत्र मला माझ्या हाताकडं नेत नव्हतं. सुकलूच्या हाताकडं नेत होतं. त्याची जी सगळ्यात चांगली हालचाल, ती माझ्याकडून घोटून घेत होतं.

"तो कसा आहे आता?" मी विचारलं.

"पावसाळ्यात गेले ते, काकाजी. पट्टे त्याईच्या बाईनंच परत पाठवले."

कसा गेला ते विचारलं नाही. लकव्याचा माणूस, दुसरा झटका आला असणार. माझ्याही उशाशी तोच बसलेला आहे.

हर्षा रडवेली झाली. चूक झाली म्हणाली, आत्ताच पुसून टाकते, पहिल्यापासून सुरू करू. मी तिचा हात धरला — डाव्या हातानं. पहिल्यापासून म्हणजे पुन्हा पिशवी. पुन्हा शून्य. नको.

"राहू दे," म्हटलं. "शिकवतोय तर शिकवू दे त्याला."

तिला पटलं नाही. पण माझा हात वर जाताना पाहिला की तिलाही मोह होतो, हे मी पाहिलंय.

२७ नोव्हेंबर

दिवसभर सुकलू मनात. कधी पाहिला नाही त्याला. तरी ओळखतो म्हटलं तर चुकणार नाही. त्याचा खांदा कुठं जड व्हायचा, बोटं कुठं फाकायची, ते माझ्या खांद्याला माहीत आहे. एखाद्याचं अक्षर गिरवावं तसं रोज त्याला गिरवतो.

आणि दुपारी एकदम डोक्यात उजेड पडला. जाळं! दुसरं काय असणार? ढीवर माणूस, जन्मभर बोडीत उभा राहून जाळं फेकलेलं. खालून उचलायचं, वर न्यायचं, बोटं उघडायची, सोडून द्यायचं. आणि परत. म्हणून ही चाल थांबत नाही. मासोळी मिळेपर्यंत कुणी थांबतं का?

दोन ओळी जुळल्या, लिहून ठेवतो:

गेला धनी, गेली डोंगी, काठ झाला सुना,
हवेमध्ये जाळे त्याचे फुलते पुन्हापुन्हा.

मात्रा कमीजास्त असतील. गुरुजींनी तपासल्या असत्या.

३० नोव्हेंबर

प्रफुल आला होता. त्याला म्हटलं, मला सकाळी तलावावर ने. "थंडीचं?" म्हणाला, पण नेलं. मोटरसायकलवर मागं बसवून कंबरेला शेल्यानं स्वतःशी बांधून घेतलं मला. बापाला पोत्यासारखं बांधून राह्यलो म्हणून स्वतःच हसत होता.

पाण्यावर धुकं. पाळीवर, मातीच्या बांधावर, शेवाळाचा ओला वास — तोच वास पट्ट्याच्या कापडाला येतो, हर्षानं धुतलंय तरी. इतवारी नावाचा ओळखीचा ढीवर जाळं फेकत होता. डोळे भरून पाहिलं.

जाळं फेकणं असं नाही. खरं लिहायला हवं. इतवारी कंबरेतून वळायचा, दोन्ही हात बाजूनं फिरवायचा, आणि जाळं पुढं जायचं — वर नाही. हात डोक्याच्या वर गेलाच नाही त्याचा. मी त्याला विचारलं, एका हातानं फेकता येते का? त्यानं माझ्या लुळ्या हाताकडं पाहिलं आणि हसला. "एका हातानं फक्त बिडी फेकता येते, भाऊ."

घरी येताना विचार केला. सुकलूचं अर्धं अंग गेलेलं. कंबर वळत नसेल. उरल्या बळानं सरळ वर फेकत असेल बिचारा. तसंच असणार.

३ डिसेंबर

हर्षा पुन्हा म्हणाली, पुसू. आज जरा भांडणच झालं.

तिचं म्हणणं, तुम्हाला जेवायचं आहे ना? मग कोपर आत यायला हवा. हे यंत्र तुम्हाला कोपर आत आणूच देत नाही. उंच हात काय कामाचा, पंखा पुसायला? मी म्हटलं, आधी उंच तर येऊ दे, आत मी आणतो. ती म्हणाली, तुमी हट्टी आहात. मी म्हटलं, रेल्वेचा माणूस आहे, सिग्नल पडल्याशिवाय हलत नाही.

मग ती हळू बोलली. तिनं जुन्या रेघा काढून पाहिल्या आहेत. सुकलूचा हात कित्येक महिने काहीच करत नव्हता. मांडीवरून वीतभर. रोज तेच. आणि एकदम एका दिवशी ही हालचाल. पूर्ण वर, पूर्ण सरळ, सलग, किती वेळा तरी. त्यानंतर काही नाही. "असं मी कधी पाह्यलं नाई, काकाजी. इतका बिमार हात एका दिवसात असा नाई उचलत."

मी म्हटलं, पोरी, तू लहान आहेस. माणसाला एखादा दिवस मिळतो असा. जाण्याआधी दिवा मोठा होतो ना!

 पट्टे तिनं तसेच ठेवले.

९ डिसेंबर

बोटं बंद होऊ लागली. वर फाकतात, खाली येताना मिटतात. काहीतरी पकडल्यासारखी. हातात काही येत नाही, पण पकड घट्ट!

१३ डिसेंबर

घास! माझ्या हातानं!

युक्ती केली. कोपर आत येत नाही तर न येवो. भात चिमटीत धरला, सुकलूच्या वाटेनं हात पार वर नेला, आणि खाली पडताना तोंड मध्ये आणलं. निम्मा भात डोक्यावर, चार शितं मिशीत, पण चार शितं तोंडात. ती चावली. वरणभात असा कधी लागला नाही.

दिव्यानी दारात उभी. आधी डोळ्याला पदर लावला, मग फस्सकन हसली. "मामाजी, कोंबड्याईले दाने टाकून राह्यले का?"

"टाकू दे," म्हटलं. "कोंबडाही मीच आहे."

किती दिवसांनी घरात हसू. आणि ते हसू चालू असतानाच — खरं लिहितो — हात पुन्हा वर गेला. मी नेला नव्हता. भात संपला होता.

१८ डिसेंबर

आंघोळीला नेहमी दिव्यानी पाणी काढून ठेवते आणि मी डाव्या हातानं घेतो. आज थंडी फार, तांब्या हातातून निसटत होता, म्हणून शेजारच्या आदेशला बोलावलं तिनं. त्यानं पाटावर बसवून डोक्यावर पाणी ओतलं.

पाणी डोळ्यांवरून उतरलं आणि हात वर गेला. झटक्यानं, सरळ, बोटं फाकलेली. खाली आला, परत वर. आदेशच्या हातातला तांब्या उडाला. "काय झालं काका, गरम लागलं का?"

पट्टे खुंटीला होते. स्पीकर आत खोलीत बंद. तरी चाल ऐकू येत होती. कानांच्या आतून.

१९ डिसेंबर

ही प्रगतीच म्हणायची. यंत्राशिवाय हात उठला. कविता पाठ झाल्यावर पुस्तक कशाला लागतं?

आंघोळ मात्र आज टाळली.

२४ डिसेंबर

हर्षाला आंघोळीचं सांगितलं नाही. घासाचं सांगितलं. तिनं मोबाइलवर माझं जेवण टिपून घेतलं, संस्थेत दाखवणार म्हणाली. जाताना दाराशी थांबली. "काकाजी, भीती तर नाई वाटत ना तुमाले?"

"कशाची?"

तिनं स्कूटीची किल्ली काढली आणि निघाली. 

२ जानेवारी

दुपारी खाटेवर डोळा लागला. दिव्यानीनं गदागदा हलवून उठवलं. तिचा चेहरा पांढरा. झोपेत माझा हात वर ताठ उभा होता म्हणे, खाटेवर खांब रोवल्यासारखा. तोंड घट्ट मिटलेलं, ओठ काळेनिळे. तिनं हाका मारल्या, मी ऐकेना. शेवटी तिनं नाकातोंडावर फुंकर मारली तेव्हा मी श्वास घेतला. असा घेतला, की तीच मागं सरली.

स्वप्न आठवत नाही. तोंडाला चिखलाची चव. औषधांमुळे असेल.

"मामाजी, फेका हे पट्टे," दिव्यानी म्हणाली. फार कमी बोलणारी पोर. "मी जन्मभर भरवीन तुमाले. मले कंटाळा नाई."

तिला कसं सांगू? तुला नसेल गं, मला आहे.

८ जानेवारी

एक चांगला विचार सुचला. सुकलूची बायको रुखमा — दिव्यानी तिला ओळखते. आठवडी बाजारात झिंगे, मासोळ्या घेऊन बसते. तिला घरी बोलवायचं. तिला दाखवायचं.

माणूस गेला की त्याचा फोटो राहतो, कपडे राहतात. पण त्याचं चालणं, त्याचं जाळं फेकणं, ते कुणाला मिळतं का परत? मला माझ्या बायकोचं दळताना गुणगुणणं मिळालं असतं तर! छोट्या गाडीची शिट्टी एकदा मिळाली असती तर! रुखमाबाईला तिच्या धन्याचा हात मिळेल. निदान पाहायला मिळेल. माझ्या खांद्यावर का होईना.

दिव्यानीला हे रुचलं नाही. म्हणाली, धनी गेला त्या दिवसाबद्दल बाई बोलत नाई कोनाशी. बजारातही मान खाली घालून मासोळी मोजते. काऊन खपली काढता तिची? मी म्हटलं, खपली नाही, मलम आहे. तू फक्त निरोप दे.

११ जानेवारी

निरोप गेला. येते म्हणाली. आधी नाही म्हणाली होती. मग दिव्यानीनं सांगितलं की पट्टे तेच आहेत, आणि त्यांच्यात सुकलूभाऊचा हात राहिला आहे. तेव्हा म्हणाली, येते.

तेव्हापासून सराव करतोय. एकही सूर तुटता कामा नये. शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा गुरुजी मलाच उभं करायचे कविता म्हणायला. अगदी तसं.  

१४ जानेवारी

संक्रांत. आज उजव्या हातानं तिळगूळ खाल्ला, आणि अर्ध्याहून जास्त भात. सांडला फार थोडा. शेवटी कोपरही जरासा आत आला! प्रफुलला फोन केला तर तो पलीकडे बोलेचना, मग कळलं रडतोय. सुटी काढून येतो म्हणाला. आल्यावर बापलेक एका पंगतीला बसू.

हर्षा आली होती. तिला म्हटलं, पाहिलंस? सुकलूनं आणलं मला इथवर. अजून महिनाभरात पुरा जेवेन. मग खुशाल पूस.

उद्या रुखमाबाई येणार. स्वच्छ सदरा काढून ठेवला आहे.

१५ जानेवारी

रुखमाबाई आली. मी पट्टे बांधून हात उचलला. पूर्ण चाल वाजली, एक सूर तुटला नाही.

"बंद करा, भाऊ," ती म्हणाली.

दुखण्यानंतर सुकलूनं जाळ्याला हात लावलाच नव्हता. सकाळी बोडीवर तोंड धुवायला बसला, पाय गाळात गेला. पट्टे हातावर होते. ती पाळीवरून धावली. तिला पाण्यावर नुसता हात दिसत होता. वर, खाली, परत वर.

"तोच हात, भाऊ. लुळा. तेवढ्या दिवसात उचलला नोता त्याईनं. त्या दिवशी उचलला."

यंत्राला पाणी काय कळतं! त्याला तो सगळ्यात चांगला सराव वाटला. त्यानं तो माझ्याकडून पाठ करून घेतला.

दिव्यानी ताट घेऊन आली आहे. उजवा हात मी मांडीखाली दाबून बसलो आहे.